चार अणूंची आठवण

आमच्या घरी दिवाळीची साफसफाई म्हणजे उत्खननच असतं. यंदा लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, जुन्या एलआयसीच्या पावत्यांमागे, एक काळी प्लॅस्टिकची डबी सापडली. राखाडी झाकणाची. अशा डब्यांत आईकडे लवंगा, वेलची, केशर असं काय काय असायचं, म्हणून मी सहज उघडली. आत कॅमेऱ्याचा रोल! पूर्ण संपलेला, टोक आत ओढलेलं, पण कधीच धुवायला न टाकलेला.

बाबांनी डबी हातात घेऊन उलटसुलट केली. म्हणाले, "अण्णांच्या शेवटच्या दिवाळीचा असेल बहुतेक. नव्याण्णवचा. मग ते गेले, अन् त्या गडबडीत राहून गेला." अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांचा आमच्याकडे एकच फोटो आहे, पेन्शनच्या कागदावरचा मोठा करून घेतलेला. त्यात ते कोणावर तरी रागावल्यासारखे दिसतात. बाबा म्हणतात की ते तसे अजिबात नव्हते. मला ते आठवतच नाहीत.

"फेकून दे ना," आई म्हणाली, "पंचवीस वर्षं नागपूरच्या उन्हाळ्यात होतं ते. काय राहिलं असेल त्यात?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्यात नेमकं काय राहिलेलं असतं? उत्तर शोधायला बसलो आणि दोन वीकेंड गेले. त्या वाटेवर दादासाहेब फाळके भेटले, म्हणून हा लेख.

सुरुवात आपल्या बोटापासून करू. १९ एप्रिल २०२४ ला नागपुरात लोकसभेचं मतदान झालं. तेव्हा बोटाला लावलेली शाई आठवते? तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरच्या मिठाशी त्याचं सिल्व्हर क्लोराइड होतं आणि उजेड पडला की त्यातली चांदी मोकळी होऊन डाग काळा पडतो. साबण लावा नाहीतर लिंबू चोळा, जात नाही. फोटोग्राफी म्हणजे हाच डाग, फक्त शिस्तीत पाडलेला.

फिल्मच्या कारखान्यात क्लोराइडऐवजी मुख्यतः ब्रोमाइड वापरतात. अंधारात, कोमट जिलेटिनमध्ये सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम ब्रोमाइड एकत्र केले की सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक बारीक स्फटिक तयार होतात. एकेक स्फटिक साधारण एका मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. जिलेटिन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. ही खीर पट्टीवर पातळ पसरून वाळवली की झाली फिल्म. जिलेटिनची युक्ती १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने काढली. त्याआधी काचेवर ओला थर लावून, तो वाळायच्या आत फोटो काढून लगेच धुवायला पळावं लागायचं.

जिलेटिन म्हणजे गुरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला डिंक. गंमत म्हणजे एका लॉटच्या जिलेटिनची फिल्म तेज निघायची, तर दुसऱ्या लॉटची ढिम्म. का, ते कोणालाच कळेना. (प्रॉडक्शनमध्ये चालतं पण टेस्टिंगला नाही, तसलाच बग!) शेवटी १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डने छडा लावला. गुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची झाडं आली, की त्यातलं गंधकाचं तिखट तेल अंशमात्र जिलेटिनमध्ये उतरतं आणि स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके तयार होतात. आपल्या फोडणीतल्या मोहरीचा झणका त्याच कुळातला.

हा ठिपका महत्त्वाचा. प्रकाशाचा कण स्फटिकावर आदळला की ब्रोमाइडमधून एक इलेक्ट्रॉन सुटतो, भटकत भटकत ठिपक्यापाशी येऊन अडकतो. मग एक चांदीचा आयन सरकत तिथे येतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि चांदीचा अणू होऊन बसतो. पुन्हा एक फोटॉन, पुन्हा एक अणू. हे असं होत असावं, हे गर्नी आणि मॉट या दोघांनी १९३८ मध्ये मांडलं, म्हणजे जग शंभर वर्षं फोटो काढून झाल्यावर! साधारण चार अणू जमले की स्फटिक "पाहिलेला" ठरतो. डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही. पण डेव्हलपरमध्ये टाकलं की पाहिलेला स्फटिक आख्खा, अब्जावधी अणूंसकट, काळ्या चांदीत बदलतो. न पाहिलेला तसाच राहतो आणि हायपोमध्ये विरघळून जातो. शून्य किंवा एक. आम्ही ज्याला अ‍ॅनालॉग म्हणून हिणवतो, ते तळाशी असं डिजिटल निघालं.

म्हणजे आमच्या डबीत अण्णा असतील, तर ते स्फटिकामागे चार-चार अणूंच्या हिशेबाने होते.

आता फाळके. १९११ च्या ईस्टरला मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि मग पडद्यावर कृष्ण दिसायला लागला ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण माणूस मुळात रसायनांचा आणि यंत्रांचा होता हे मला नव्याने कळलं. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेला, पुरातत्त्व खात्यात काम केलेला, छपाईच्या धंद्यात मुरलेला. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची सोय केली आणि परत आले.

भोकं पाडायचं यंत्र कशाला? तर फिल्म बिनभोकाची यायची. दोन्ही कडांना भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकणारच नाही. मी उगाच हिशेब केला. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. ३५ मिमीच्या फिल्मला एका फुटात १६ फ्रेम्स, दर फ्रेमला एका कडेला चार भोकं. ३,७०० गुणिले ६४ गुणिले दोन कडा म्हणजे ४,७३,६०० भोकं. ही फक्त दाखवायच्या एका प्रतीची. निगेटिव्हची वेगळी, आणि वाया गेलेल्या फिल्मची आणखी वेगळी. यंत्र होतं हे खरं, पण काम अंधाऱ्या खोलीत आणि पट्टी तसूभर हलली तर पडद्यावर चित्र नाचणार!

हे काम करणाऱ्यांत सरस्वतीबाई होत्या, फाळक्यांच्या पत्नी. दादरच्या घरात दिवसा सगळ्या युनिटचा स्वयंपाक, चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहणं, आणि वर भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं. दागिने गहाण टाकले ते वेगळंच. आपण फाळक्यांना चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो, ते ठीकच. पण भारतातल्या पहिल्या फिल्म टेक्निशियनचं नाव विचारलं तर मी सरस्वतीबाई फाळके असं सांगेन. त्यांच्या नावाचा पुरस्कार कोणी दादासाहेबांच्या पुरस्काराइतका मिरवत नाही. असो.

भांडवलासाठी फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवतानाची छोटी फिल्म केली होती. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून महिनाभर रोज एक फ्रेम, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. रोज एक म्हणजे ३० फ्रेम्स, म्हणजे पडद्यावर जेमतेम दोन सेकंद! तेव्हा रोज बऱ्याच घेतल्या असणार. पण ते पाहून सावकाराने पैसे दिले, हे महत्त्वाचं.

त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. सिल्व्हर ब्रोमाइडला मुळात निळा-जांभळा प्रकाशच कळतो. हर्मान फोगेलने १८७३ मध्ये रंगद्रव्यं मिसळून त्याला हिरवा दाखवायला शिकवलं, पण लाल दिसणारी फिल्म सिनेमात रुळायला १९२० चं दशक उजाडलं. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चाले. आणि म्हणूनच मळवट, कुंकू, लाल शालू, सगळं पडद्यावर काळं येई. आपली तांबूस-सावळी कातडीही असेल त्यापेक्षा काळवंडे, म्हणून नटांच्या तोंडाला भरपूर रंग थापावा लागे. तारामतीचं काम करणारे अण्णा साळुंके, जे मुळात खाणावळीत काम करायचे, त्यांना पाहताना हे लक्षात ठेवा.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. चार रिळांपैकी आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि चौथं आहे, आणि तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. कारण त्या पट्टीचा पायाच सेल्युलोज नायट्रेटचा, म्हणजे बंदुकीच्या कापसाचा चुलतभाऊ. एकदा पेटला की पाण्याखालीही जळतो, कारण ऑक्सिजन स्वतःच पुरवतो. न पेटता नुसता पडून राहिला तरी सडतो, आम्ल सोडतो, चित्र खातो आणि शेवटी तपकिरी भुकटी होते. सडलेला नायट्रेट चाळिशीच्या तापमानातही आपोआप पेट घेऊ शकतो. चाळीस! आपल्याकडे एप्रिलमध्येच होतं की ते. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांची कितीतरी नायट्रेट रिळं अशीच गेली.

आगीतून वाचलेलं चांदीसाठी गेलं. जुनं रीळ म्हणजे भंगारवाल्याच्या लेखी चांदी. ती धुऊन काढायची, उरलेली पट्टी विकायची. 'आलम आरा' (१९३१) ची एकही प्रत आज उरलेली नाही. रागवायचं कोणावर? आपणही जुन्या हार्ड डिस्क भंगारात घालतोच.

तर आमचा रोल. हा पेटणारा नव्हता, नायट्रेट १९५० च्या दशकातच बंद झालं. पण उष्णतेने ते चार अणू पुन्हा आयन होऊन विखुरतात आणि काही स्फटिक काही न पाहताच "पाहिलं" म्हणू लागतात. एका स्टुडिओत विचारलं, तर रोल धुवायचं मशीन कधीच विकलं म्हणाले. रोल रंगीत होता, पण रंगीत फिल्ममध्येही चित्र आधी चांदीच पकडते, रंग नंतर चढतात. इतका जुना रोल ब्लॅक अँड व्हाइटच्या डेव्हलपरमध्ये धुवावा, रंग जातात पण चित्र वाचण्याची शक्यता वाढते, असं वाचलं. सामान ऑनलाइन मागवलं. डेव्हलपरला २० अंशांचं पाणी लागतं, म्हणून डिसेंबरपर्यंत थांबलो. मे महिन्यात आमच्या नळाला जे येतं त्यात चहा होईल. फाळक्यांच्या घरी मुंबईच्या दमट उकाड्यात जिलेटिन कसं सांभाळलं असेल, हे मला त्या सकाळी बाथरूममध्ये बादलीत थर्मामीटर धरून बसल्यावर कळलं.

छत्तीसपैकी एकतीस फ्रेम्स नुसत्या तपकिरी धुकट. चारांत आकाशकंदील असावेत, किंवा बल्ब. एकीत खुर्चीवर एक माणूस बसलेला, मांडीवर दोन वर्षांचं पोर, आणि माणसाचं तोंड उघडं. हसतोय किंवा बोलतोय.

बाबांनी ओली पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टोपी काळी कशी रे? अण्णा तर पांढरीच घालायचे."

"निगेटिव्ह आहे बाबा. उलटं दिसतं."

"हो का," म्हणाले, आणि पट्टी सोडली नाही. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली तेव्हा ते तिला दाखवत होते, "हे बघ, दात नव्हते ना पुढचे, ते पण दिसतंय."