मोरीच्या वासाची जुनी गोष्ट



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी लिहाच" असा आग्रह झाला, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न पडला. पाककृती, भरतकाम, ओव्या यांवर लिहिणाऱ्या भगिनी मंडळात पुष्कळ आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. माझा निम्मा दिवस ओट्यापाशी आणि मोरीपाशी जातो. म्हणून मोरीच्या वासाचाच इतिहास लिहायचे ठरवले. विषय ऐकून कोणी नाक मुरडू नये. हा वास अडवण्यासाठी माणसाने काय काय खटपटी केल्या, हे कळले म्हणजे फिनेलचा पैसा वाचतो आणि प्रसंगी एखाद्याचा जीवही वाचतो.

सांडपाण्याची काळजी नवी नाही. मोहेंजोदडोच्या लोकांनी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांची गटारे बांधून ती वरून झाकली होती. आपल्याकडे नाशिक आणि नेवासे येथील उत्खननांत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डे सापडले. घाण पाणी जमिनीच्या पोटात जिरवावे, ही त्यामागची युक्ती. तीच युक्ती आपल्या आज्या परसात करीत. माझे माहेर धुळ्याचे, सासर जळगावचे. दोन्हीकडे न्हाणीचे पाणी परसातल्या अळूला, कर्दळीला नाहीतर केळीला सोडलेले असे. मातीत हवा खेळते आणि मातीतले सूक्ष्म जीव घाण खाऊन टाकतात, म्हणून तेथे वास येत नाही. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने अलीकडच्या काळात घरोघरी शोषखड्डे करून गावातली उघडी गटारे बंद केली आणि डासांचा त्रासही कमी केला, तो याच मार्गाने.

शहरात परसू कोठून आणायचे? १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे खानदेशचे मुख्य ठाणे केले आणि सरळ गल्ल्यांची वस्ती आखली. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच अशी नावे आजही आपल्या तोंडी आहेत. धुळ्याची नगरपालिका १८६२ साली आणि जळगावची १८६४ साली स्थापन झाली. घरे भिंतीला भिंत लावून उभी राहिली आणि मोरीचे पाणी दारापुढच्या उघड्या गटारात जाऊ लागले. वास गल्लीत राहिला, डास आणि माशा मात्र घरात आल्या. मग गटारे झाकली गेली, जमिनीखाली नळ आले. पण झाकलेल्या गटारात हवा कोंडते. कोंडलेला वास वाट शोधतो, आणि सर्वांत जवळची वाट म्हणजे आपलीच मोरी!

ही वाट बंद कशी करावी? पाणी तर जायला हवे, पण वास परत यायला नको. हे कोडे १७७५ साली लंडनमधील एका घड्याळजीने सोडवले. अलेक्झांडर कमिंग त्याचे नाव. त्याने शौचकूपाच्या नळीला वाकण दिले. वरून पाणी आले की ते पुढे जाते, पण शेवटचे थोडे पाणी वाकणात अडून राहते. तेवढे पाणी हाच दरवाजा. पाणी ओतले की दरवाजा उघडतो आणि ओतणे थांबले की आपोआप लागतो. त्याला कडी नको, कोयंडा नको.

वाकड्या नळीची आणखी एक करामत आपल्या खानदेशात झालेली आहे. १८८४ साली विश्वेश्वरय्या हे तरुण इंजिनियर सरकारी नोकरीत नवे लागले होते. साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ घालून पाणी पलीकडे चढवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि पावसापाण्याच्या अडचणी सोसून त्यांनी ते पुरे केले. तेथे वाकलेल्या नळातून पाणी पार न्यायचे होते, आपल्या मोरीत ते अडवून ठेवायचे असते. पाणी आपली पातळी गाठते, हा नियम दोन्हीकडे एकच.

आपल्या मोरीच्या जाळीखाली हेच वाकण एका वाटीसारख्या भांड्यात बसवलेले असते. इंजिनियरांच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला 'नहाणी ट्रॅप' असेच म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द साहेबाच्या भाषेत जाऊन बसला, याचे मला मोठे कौतुक वाटते. त्यात सुमारे दोन इंच पाणी उभे असावे लागते. घराचे सारे रक्षण त्या दोन इंचांवर आहे.

पूर्वी वासालाच रोग समजत. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी दाखवून दिले की ही साथ एका पंपाच्या पाण्यातून पसरते. पुष्कळांना ते पटले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला असह्य दुर्गंधी सुटली, पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या औषधात भिजवावे लागले आणि मग कोठे मोठी गटारे बांधण्याचे काम झपाट्याने सुरू झाले. बांधली वासाच्या भीतीने, पण त्यांमुळे पिण्याचे पाणी घाणीपासून वेगळे झाले आणि पटकी हटली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हाही गटारे कार्बोलिकने धुण्याचा सपाटा लावला गेला. प्लेगचे जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडले होते, परंतु ते उंदरांच्या पिसवांवाटे माणसात येतात हे समजायला आणखी काही वर्षे लागली. त्याच १८९६ साली गांधीजी राजकोटमध्ये घरोघरचे संडास आणि मोऱ्या तपासत होते. श्रीमंतांच्या घरी त्यांना घाण आढळली आणि अस्पृश्य मानलेल्या वस्तीत स्वच्छता, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

मग वास निरुपद्रवी म्हणायचा का? तसेही नाही. वास हा रोग नव्हे, पण दरवाजा उघडा राहिल्याची ती वर्दी आहे. २००३ साली त्याच हाँगकाँगमध्ये सार्स नावाच्या रोगाने एका वसाहतीत तीनशेहून अधिक माणसांना गाठले. चौकशीत असे दिसले की पुष्कळ घरांतल्या मोऱ्यांच्या वाकणातले पाणी वाळून गेले होते आणि त्या वाटेने दूषित हवा स्नानगृहांत शिरत होती. दोन इंच पाणी नव्हते, हे त्यामागचे एक मोठे कारण. आपल्या जळगावचा वैशाख तर पंचेचाळीस अंशांचा! आमच्या इमारतीत एक घर महिनाभर बंद होते. कुलूप उघडले तेव्हा उंदीर मेला असावा असे सर्वांना वाटले. कपाटे सरकवली, माळा उपसला. शेवटी मोरीत तांब्याभर पाणी ओतले आणि तासाभरात वास गेला.

आता नळही बदलले. जुने खापरी आणि बिडाचे नळ जाऊन पीव्हीसीचे आले. १९८० साली भवरलाल जैन यांनी जळगावातच हे नळ करायला सुरुवात केली आणि आपल्या गावाचे नाव नळांसाठी देशभर झाले. नळ गुळगुळीत असला तरी जोड कच्चा असेल तर उपयोग नाही. भांडी घासण्याच्या बेसिनखालची लवचिक नळी पुष्कळ घरांत भिंतीतल्या भोकात नुसती खोचलेली असते. भोवतालच्या फटीतून वास येतो आणि आपण बिचाऱ्या बेसिनला घासत बसतो. रबरी वायसर बसवून किंवा पांढरे सिमेंट भरून ती फट बुजवावी. न वापरातल्या मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. घर बंद ठेवायचे असल्यास वरून चमचाभर तेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर वाळत नाही. कढईचे तेल आणि भाजीचा तवंग कागदाने पुसून मगच भांडे घासावे, कारण तेल नळीत थिजते आणि त्यावर खरकटे चिकटून कुजते. जाळी काढून आतली वाटी दर पंधरवड्याला घासावी. गच्चीवर हवेचा उंच नळ असतो, तो कोणी बंद करू नये. त्यातूनच कोंडलेला वास वर निघून जातो. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. घरात तो थोडा असतो, पण चेंबरात आणि सेप्टिक टाकीत तो साचून राहतो. प्रमाण वाढले की नाकाला तो वास कळेनासाच होतो आणि आत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही वाचत नाही. माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. पण तीस लाखांनी कोणाचे कुंकू परत येत नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घेत, रस्ते आणि गटारे झाडत. आपण ओट्यावरून ढकललेला तेलकट गोळा पुढे कोणाच्या तरी हातांनी निघतो, हे बाबा न बोलता शिकवून गेले. तुंबलेल्या चेंबरासाठी यंत्राची गाडीच बोलवावी. "शंभर रुपये जास्त घे, पण उतर" असे आपल्या गल्लीत कोणी म्हणू नये, एवढी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.

उन्हाळ्यात माहेरी जाताना आपण शेजारणीकडे किल्ली देतो आणि तुळशीला पाणी घालायला सांगतो. त्याच वेळी दोन तांबे मोरीतही ओतायला सांगावेत.