गव्हावरचा आरोप शाबीत कसा झाला?



आजारांच्या इतिहासाबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याला प्लेग, पटकी, देवी आठवतात. या आजारांनी गावंच्या गावं ओस पाडली, म्हणून त्यांची दप्तरी नोंद झाली. आज आपण अशा आजाराकडे वळू या, ज्याची साथ कधी आली नाही. घरातलं एखादं मूल वर्षानुवर्षं पोटाने हैराण असतं. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, वारंवार पातळ, फिकट, दुर्गंधी शौच. खातं, पण अंगी लागत नाही. आई म्हणते दृष्ट लागली, आजी म्हणते जंत झाले, डॉक्टर म्हणतात अशक्तपणा. खरं कारण काय, हे शोधायला वैद्यकाला जवळजवळ अठराशे वर्षं लागली. त्या शोधाची ही गोष्ट.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाचा अरेटिअस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. कॅपाडोशिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला भाग. अन्न न पचता तसंच बाहेर पडतं आणि रोगी झिजत जातो, अशा जुनाट विकाराचं वर्णन त्याने केलं. ग्रीक भाषेत पोटाला ‘कोइलिया’ म्हणतात. त्यावरून आलेलं नाव आजही चालतं : सिलिअ‍ॅक.

यानंतर आपण एकदम १८८८ सालात येतो. लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयात सॅम्युअल गी हे डॉक्टर होते. त्यांनी या विकाराचं आधुनिक काळातलं पहिलं नीट वर्णन छापलं. हा आजार बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पिठाचे पदार्थ कमी द्या, असंही लिहिलं. म्हणजे माणूस दाराशी येऊन पोचला होता. पण त्यांनी तांदूळही वर्ज्य सांगितला आणि पावाचे पातळ भाजलेले तुकडे चालतील असं म्हटलं! रोज डच शिंपल्या खाऊन एक मूल छान सुधारलं आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा आजारी पडलं, ही नोंद त्यांचीच. आज आपण ती वाचतो तेव्हा लक्षात येतं की शिंपल्यांनी पोट भरल्यावर त्या मुलाच्या पोटात पाव कमी गेला असणार. पण तेव्हा सगळ्यांची नजर शिंपल्यांवर होती.

हीच चूक पुढे मोठ्या प्रमाणावर झाली. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. पाव, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद आणि केळी भरपूर. मुलं खरोखर सुधारली. हा उपचार काही दशकं चालला आणि त्याने मुलांचे जीव वाचले, हे मान्य करायला हवं. पण श्रेय गेलं केळ्यांना. मूल बरं झालं की त्याला पुन्हा पाव सुरू करत, कारण आजार संपला असा समज होता. आजार संपलेला नसायचा.

आता हॉलंडकडे जाऊ. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात विलेम कारेल डिके हे बालरोगतज्ज्ञ काम करत होते. त्यांची एक गोष्ट फार सांगितली जाते, ती आधी ऐकू या.

सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांना मदत म्हणून संप केला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडची अन्नवाहतूक रोखली. पुढे कालवे गोठले, नावाही अडकल्या. त्या हिवाळ्याला तिथे ‘उपासमारीचा हिवाळा’ म्हणतात. सुमारे २०,००० माणसं दगावली. लोकांनी शुगर बीट खाल्लं, ट्युलिपचे कांदे उकडून खाल्ले. पाव जवळपास दिसेनासा झाला. आणि अशा काळात डिके यांची सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली. पुढे मदतीचा पाव आला आणि ती परत आजारी पडली. डिके यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

गोष्ट छान आहे. पण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण तारखा तपासायला हव्यात. डिके यांनी गव्हाचा पाव वगळलेल्या आहाराबद्दलचा लेख डच वैद्यकीय नियतकालिकात छापला १९४१ साली. म्हणजे त्या हिवाळ्याच्या तीन वर्षं आधी. त्यांच्या पत्नीच्या आठवणीनुसार तर संशयाची सुरुवात १९३६ च्या सुमारास झाली. एका आईने सांगितलं होतं की पाव बंद केला की माझ्या मुलाचं अंगावरचं पुरळ जातं. डिके यांनी ते ऐकून सोडून दिलं नाही. दुष्काळाने त्यांना कल्पना दिली नाही, असलेल्या कल्पनेला बळ दिलं. आणि मूळ निरीक्षण एका आईचं होतं, जिचं नाव आपल्या गोष्टीत येत नाही.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. उपासमारीत तर सगळंच बदललेलं असतं : दूध कमी, साखर कमी, चरबी कमी. मग नेमकं कशामुळे बरं वाटलं? म्हणून युद्धानंतर डिके यांनी जे केलं ते जास्त महत्त्वाचं. पाच मुलांवर त्यांनी दीर्घकाळ लक्ष ठेवलं. आहारातला गहू काढायचा, काही काळाने पुन्हा द्यायचा, परत काढायचा. दरवेळी वजन-उंचीची नोंद. गहू सुरू झाला की वाढ खुंटे, बंद केला की मूल पुन्हा वाढीला लागे. १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात त्यांनी हा प्रबंध मांडला. गहू आणि राय बाधतात, तांदूळ आणि मका बाधत नाहीत, हे त्यातून पुढे आलं.

त्यांचे सहकारी वान दे कामर यांनी शौचातली चरबी अचूक मोजायची पद्धत बसवली होती. त्यामुळे ‘बरं वाटतंय’ या शब्दांच्या जागी आकडा आला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने कणीक धुऊन तिचे भाग वेगळे केले. घरी कणकेचा गोळा पाण्यात चोळला तर दुधासारखं पाणी निघून जातं आणि हाती चिवट रबरासारखा चोथा राहतो, तसंच. धुतलेला स्टार्च निर्दोष ठरला. दोष निघाला त्या चिवट भागात, म्हणजे ग्लुटेनमध्ये.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९५४ मध्ये पॉली यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या नमुन्यांत लहान आतड्याच्या अस्तराची खराबी दाखवली. दोनच वर्षांनी मार्गोट शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून नमुना घ्यायची सोय केली. अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे या रोग्यांत सपाट झालेले असतात, हे डोळ्यांना दिसलं. १९९७ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी शरीर स्वतःच्या कोणत्या विकरावर हल्ला करतं तेही ओळखलं. आजची रक्ततपासणी त्यावरच उभी आहे.

आता आपल्या घरात येऊ. भारतात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेकडे जास्त आढळला. महाराष्ट्रात ज्वारी, बाजरी, नाचणी, भात हे पिढ्यानपिढ्यांचं अन्न, आणि यातल्या कशातच ग्लुटेन नाही. पण आज आपल्या शहरी ताटात पोळी, पाव, बिस्किट, शेवया, रवा सगळं आहे. ज्याला हा आजार आहे त्याला आजीची भाकरी खरोखर औषध ठरते. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवू या. ज्या गिरणीत आधी गहू दळला, तिथेच लगेच ज्वारी दळली तर पिठात गहू मिसळतो. आणि बाजारातल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो.

एक शेवटची गोष्ट, जी डिके यांच्याकडूनच शिकायची. संशय आला म्हणून परस्पर गहू सोडू नका. आधी तपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर रक्तातल्या खुणा ओसरतात आणि निदान हुकतं. पोट बिघडायची कारणं डझनभर आहेत, आणि गहू सगळ्यांचा शत्रू नाही. पण एखादी आई डॉक्टरांना सांगत असेल की अमुक खाल्लं की पोराला त्रास होतो, तर तिचं म्हणणं कागदावर लिहून घेतलं जावं आणि मग तपासलं जावं. या गोष्टीतल्या शोधाची सुरुवात तिथूनच झाली होती.

इथे थांबतो. आता आपण प्रश्नांकडे वळू या.