काळीज घट्ट केल्याने धैर्य येत नाही

चोपड्यात गुणवंतांचा सत्कार असो की व्यक्तिमत्त्व विकासाचे व्याख्यान, एक उपदेश हमखास कानावर पडतो: टिकायचे तर काळीज घट्ट करा, हळवेपणा सोडा. दुसऱ्याचे दुःख पाहून पोराच्या डोळ्यांत पाणी आले, तर घरचेही चिंतेत पडतात. करुणा माणसाला दुबळे करते आणि धाडस कठोर मनातूनच उगवते, हे या उपदेशामागचे गृहीत. मला ते साफ चुकीचे वाटते.

पूर्वपक्ष मात्र पुऱ्या ताकदीने मांडला पाहिजे. जर्मन तत्त्वज्ञ नित्शेचे म्हणणे असे की, करुणेने जगातले दुःख घटत नाही, उलट वाढते. पीडित तर खचलेला असतोच, त्याला पाहणाराही खचतो आणि जगण्याची उमेद क्षीण होते. आपल्याकडचा पुरावा याहून जवळचा आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या हातून गांडीव गळाले ते मन भरून आल्यामुळेच, आणि श्रीकृष्णाने त्या अवस्थेला हृदयाचे दौर्बल्य म्हटले. गीताच जर असे सांगते, तर हळव्या माणसाची बाजू कोणी घ्यायची?

या आक्षेपाला उत्तर खानदेशातच मिळाले. 21 फेब्रुवारी 1932 पासून धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अर्जुनाने त्याआधी कितीतरी लढाया मारल्या होत्या, याकडे विनोबांनी पहिल्याच प्रवचनात लक्ष वेधले. तेव्हा त्याला संन्यास सुचला नव्हता. समोर आजोबा, गुरू, भाऊबंद दिसले तेव्हाच तो तत्त्वज्ञान बोलू लागला. विनोबांनी न्यायाधीशाचा दाखला दिला: शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावणारा हा गृहस्थ स्वतःचा मुलगा खुनी म्हणून पुढे आला की फाशीची शिक्षाच अमानुष ठरवतो. म्हणजे अर्जुन मोडला तो ममत्वाने. करुणेवर त्याचा ठपका ठेवणे अन्याय आहे. शिवाय त्याच गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी अभयापासून सुरू होते आणि लगेच पुढच्या श्लोकात सर्व भूतांविषयीची दया येते. गीताकाराला या दोन गुणांत भांडण दिसले नाही.

आता ते उतरवून घेणाऱ्याकडे पाहू. साने गुरुजी म्हटले की लोकांना ‘श्यामची आई’ आठवते आणि डोळे पुसणारा एक मास्तर दिसतो. चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर. तिथे श्रीमंत प्रताप शेठजींनी 1916 साली स्थापलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात गुरुजी अभ्यासासाठी आले, पण रमले शाळेत. प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात ते मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धुऊन टाकत, त्यांच्यासाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. याच मास्तराने 1930 मध्ये नोकरीचा राजीनामा दिला आणि सत्याग्रहात उडी घेतली. पोरांचे कपडे धुणारा हात आणि राजीनामा लिहिणारा हात एकच होता. त्या दोन कृतींचा उगमही मला एकच दिसतो.

खरी कसोटी पुढे लागली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून 1 मे 1947 रोजी गुरुजी उपोषणाला बसले. विरोधात परके कोणी नव्हते. त्यांच्याच समाजातली, त्यांच्याच भक्तिपरंपरेतली माणसे होती. त्यातच ज्यांना गुरुजी दैवत मानत त्या गांधीजींचा निरोप आला, उपोषण सोडा. गुरुजींनी नम्रपणे नकार दिला आणि 10 मेपर्यंत, मंदिर खुले करण्याचे मान्य होईपर्यंत, ते अन्नावाचून राहिले. अर्जुन जिथे अडखळला नेमक्या त्याच जागी, आपल्या माणसांसमोर, हा हळवा माणूस उभा राहिला.

कोणी म्हणेल, जून 1950 मध्ये याच गुरुजींनी स्वतःचे आयुष्य संपवले, त्याचे काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. करुणेच्या माणसाला यातना जास्त होतात, हे त्यावरून म्हणता येईल आणि मी ते मान्य करतो. पण वाद यातनेचा नव्हता, भित्रेपणाचा होता. सोसणारा भित्रा असतो, हे त्या मृत्यूवरून सिद्ध होत नाही.

उलट कठोर मनाचे धाडस जवळून पाहावे. सातपुड्याच्या पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवले जाते, तेव्हा तिच्यावर धावून जाणाऱ्या जमावात कोणालाच भीती वाटत नसते. काळीज सगळ्यांचे घट्ट असते. त्याला कोणी शौर्य म्हणणार नाही, कारण त्यांना गमवायचे काहीच नसते. तिच्या दारात आडवा होणारा एखादाच असतो. त्याला उद्यापासून त्याच गावात राहायचे असते, त्याच विहिरीवर पाणी भरायचे असते. तिचे हाल त्याला बघवत नाहीत, म्हणूनच तो पुढे होतो. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा हाताशी आहे, पण तक्रार द्यायला पोलीस ठाण्याची पायरी चढणारे माणूस लागते, आणि ते माणूस घट्ट काळजाच्या शाळेत तयार होत नाही.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मूल रडले म्हणून त्याला मऊ ठरवू नका. ते कोणासाठी रडते आहे, एवढे आधी विचारा. स्वतःच्या खेळण्यासाठी रडत असेल तर समजूत घाला. दुसऱ्यासाठी रडत असेल, तर आता काय करू या म्हणून त्याच्याबरोबर उठा.