अळीला मोहरीचा तिखटपणा का आवडतो?

वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळाची एक खूण आपण बाजारात रोज उच्चारतो: कोबी. हा शब्द पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आला असं मानतात. भाजी परदेशी, पण कूळ आपल्या मोहरीचंच. कोबीला छिद्रं पाडणारी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी याच कुळावर जगते. शेजारच्या वाफ्यातल्या वांग्याकडे ढुंकूनही बघत नाही. असं का?

पहिलं ठोस उत्तर १९१० मध्ये नेदरलँड्समधून आलं. एडवर्ड फर्शाफेल्ट यांनी कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या घेतल्या. एरवी त्या तोंड लावत नसत अशा पानांवर त्यांनी मोहरीतलं सिनिग्रिन लावलं, आणि अळ्या खायला लागल्या! म्हणजे निवड पोषणावरून नाही, खुणेवरून होत होती.

पण झाड असली द्रव्यं बनवतं कशाला? बरेच जण त्यांना टाकाऊ पदार्थ समजत. १९५९ मध्ये गॉटफ्रीड फ्रँकेल यांनी मांडलं की हे झाडाचं संरक्षण आहे. पान चावलं की त्यातलं विकर सिनिग्रिनसारख्या द्रव्यांना भेटतं आणि झणझणीत तेल तयार होतं. बहुतेक किडे पळतात. ज्यांना ते पचवता आलं, त्यांच्यासाठी तेच जेवणाचं आमंत्रण ठरलं. आपली अळी ते कसं पचवते, हे २००२ मध्ये कळलं: तिच्या आतड्यातलं विकर त्या द्रव्याचा सल्फेट गट आधीच काढून टाकतं, त्यामुळे तेल बनतच नाही.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. हा पतंग १९५३ मध्येच जावा बेटावर डीडीटीला पुरून उरला होता. फवारणी हरते तिथे त्याची आवड कामाला येते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळींचं सापळा पीक सुचवलं. मादी मोहरीवर जास्त अंडी घालते, कोबी वाचतो.

इथेच प्रयोग आखताना आपण घसरतो. अंडी कुठे घालायची हे आई ठरवते, खायचं की नाही हे अळी. शेतात मोहरीवर अळ्या जास्त दिसल्या, म्हणून 'अळीला मोहरी जास्त आवडते' असं लिहू नका. अळीसमोर दोन्ही पानं ठेवा, मग एकेकच पान ठेवून बघा. पर्याय नसताना खाणं म्हणजे आवड नव्हे. फर्शाफेल्ट यांनी तरी दुसरं काय केलं? पान तेच ठेवलं आणि एकच गोष्ट बदलली.