कोन उठलं रे?

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. नातेवाईक मंडळींना यातलं निम्मं माहीत आहे, तेव्हा त्यांनी मधला इतिहास वाचावा; बाकीच्यांनी सगळंच वाचावं. :)

2009 च्या दिवाळीत बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरच्या आमच्या जुन्या घरी, आम्ही एक तासाचा रेडिओ चालवला. खराखुरा, थेट, इंटरनेटवरून. कल्पना माझ्या भाच्याची. पुणे, नाशिक, दुबई, न्यू जर्सी असे पांगलेले सगळे एका वेळी ऐकतील आणि मोठे काका बोलतील, एवढाच कार्यक्रम. काकांना बोलायला विषय लागत नसे, फक्त ऐकणारा लागायचा.

आता रेडिओ म्हटलं की आपल्या डोक्यात मनोरा आणि लहरी असतात. 1942 साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तो असाच, 42.34 मीटरवर. पोलिसांना ठिकाण कळू नये म्हणून जागा बदलत राहायचं. तरी 12 नोव्हेंबरला छापा पडलाच आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. अडचणी भयंकर, पण त्यात एक अडचण कधीच नव्हती: ऐकणारे वाढले म्हणून यंत्रावर ताण येत नव्हता. लहर एकदा सोडली की ती दहाजणांनी ऐकली काय नि दहा हजारांनी काय. आणि कोण ऐकतंय हे ना उषाताईंना कळत होतं, ना इंग्रजाला.

इंटरनेटवर हे दोन्ही उलटं झालं.

थोडं मागे जातो. 1993 मध्ये कार्ल मालमूड नावाच्या अमेरिकन माणसाने 'इंटरनेट टॉक रेडिओ' सुरू केला. तो थेट नव्हता. कार्यक्रमाची फाइल उतरवून घ्यायची. तेव्हा टेलिफोनच्या दर्जाचा आवाज साठवायला सेकंदाला 64 किलोबिट लागत. गणित करून पाहिलं, अर्ध्या तासाचे साधारण 14 एमबी होतात. घरच्या 14.4 च्या मोडेमवर ते उतरायला सव्वादोन तास! पुढच्या वर्षी, 7 नोव्हेंबर 1994 ला, नॉर्थ कॅरोलायनातल्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थ्यांच्या रेडिओने आपलं प्रक्षेपण थेट इंटरनेटवर सोडलं. आणि एप्रिल 1995 मध्ये रिअलऑडिओ आलं. त्यांनी आवाज इतका पिळून काढला की तो त्याच 14.4 च्या मोडेममधून उतरता उतरताच ऐकू येऊ लागला. गाणं पत्र्याच्या डब्यात म्हटल्यासारखं वाटायचं, पण यायचं.

त्याच वर्षी 9 फेब्रुवारीला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही असा निकाल दिला, आणि 15 ऑगस्टला व्हीएसएनएलने मुंबईसारख्या मोठ्या शहरांत इंटरनेट लोकांना खुलं केलं. निकालामुळे आपल्याला काही लगेच मनोरा उभारता आला नाही. 2006 च्या धोरणाने सामुदायिक रेडिओचं दार स्वयंसेवी संस्थांना उघडलं, पण तेही संस्थांनाच, आणि 100 वॅटपर्यंत. घरातल्या एका म्हाताऱ्याला बोलायचं असेल तर त्याच्यासाठी परवाना नाही. राहिलं इंटरनेट. 1999 च्या सुमारास नलसॉफ्टने शाउटकास्ट आणलं आणि विनॅम्प असलेला कोणीही स्वतःचं केंद्र काढू शकेल अशी सोय झाली. भाच्याने तेच लॅपटॉपवर टाकलं होतं.

दुपारी चाचणी घेतली. आवाज 24 किलोबिटवर ठेवला, म्हणजे बोलण्यापुरता बरा. पहिला श्रोता आला, दुसरा आला, सगळे खूश. आठवा आला आणि आठही जणांचा आवाज तुटायला लागला. फोनवर फोन: "बंद पडलं का?"

भाच्याने मग कागदावर समजावलं. इंटरनेटवर लहर नसते. प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र धागा सोडावा लागतो. सात श्रोते म्हणजे सात चोवीस 168 किलोबिट, आठ म्हणजे 192. आमच्या घरच्या जोडणीत उतरता वेग बरा, पण चढता वेग कसाबसा दोनशे, आणि तोही कागदावर. एडीएसएल या नावातला पहिला 'ए' त्यासाठीच असतो म्हणे: असमान. घराने घ्यायचं जास्त, द्यायचं कमी, हे आधीच गृहीत धरलेलं. गावाकडून कोणी काही सांगू पाहील हे कुणाच्या हिशेबात नव्हतं.

एकच धागा सोडायचा आणि वाटेतल्या यंत्रांनी फाटे फोडायचे, हा मार्ग माणसांना सुचला नव्हता असं नाही. मार्च 1992 मध्ये सॅन दिएगोच्या एका तांत्रिक बैठकीचा आवाज 'मल्टिकास्ट' पद्धतीने वीसेक ठिकाणी थेट पोचवला गेला होता. म्हणजे थेट आवाजाची गोष्ट रिअलऑडिओच्या तीन वर्षं आधीची. पण मधल्या प्रत्येक कंपनीने आपली यंत्रं त्यासाठी उघडायला हवी होती, आणि घरोघरच्या जोडण्यांसाठी ती कोणी उघडली नाहीत. आजही थेट प्रक्षेपण बहुतेक वेळा स्वतंत्र धाग्यांनीच जातं. फक्त ते सोडायला मोठ्या कंपन्यांची जगभर पसरलेली यंत्रं असतात आणि वेग कमी पडला तर आवाज-चित्राचा दर्जा आपोआप खाली येतो. हे ज्याला परवडतं तोच आता 'केंद्र' आहे. असो.

आमचा उपाय साधा होता. भाच्याच्या मित्राने अमेरिकेत सर्व्हरवर जागा भाड्याने घेतलेली होती. मेहकरहून तिकडे एकच धागा पाठवायचा, वाटप त्याने करायचं. म्हणजे काकांचा आवाज आधी अमेरिकेला जाणार आणि तिथून परत नाशिकला येणार. काका म्हणाले, "मले तिकीट नाही काढलं कोनी, आवाज बरा चालला."

लॅपटॉपला बॅटरी होती, पण भारनियमनात मोडेम मरतो हे दुपारीच कळलं होतं. म्हणून मोडेम आणि फोन दोन्ही शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवर. वायर खिडकीतून आत. लॅपटॉप एवढा तापत होता की रेकॉर्डिंग चालू केलं तर आवाज अडखळायचा. भाच्याने विचारलं, "मामा, रेकॉर्ड बंद करू?" मी म्हटलं, कर. थेट नीट गेलं पाहिजे.

साडेसातला सुरू झालं. काका पहिलं वाक्य बोलले, "आयकू येऊन राह्यलं का?" आणि उत्तराची वाट बघत बसले. उत्तर येईना. सर्व्हर आणि श्रोत्याचा संगणक, दोघेही थोडा आवाज आधी साठवतात आणि मग वाजवतात, म्हणजे वाटेत खड्डा आला तरी गाणं तुटत नाही. त्यात पंचवीसेक सेकंद जातात. दुबईहून फोन आला, "येतंय, येतंय!" तोवर काका पुढे गेले होते, आणि फोनवाल्याच्या मागे त्यांचंच जुनं वाक्य वाजत होतं. दचकले बिचारे.

मग रंगले. बाजारातल्या एका दुकानाबाहेर बुधवारी उभं राहून रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकायचे, ते सांगितलं. रेडिओचा परवाना पोस्टात पैसे भरून काढावा लागे, ते सांगितलं. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा जायचा-यायचा, तो बुडाला की सगळी पोरं एकदम पुढे वाकायची, हे वाकून दाखवलं. (रेडिओवर!) संगणकातला आवाज तसा बुडत नाही. तो असतो, नाहीतर एकदम नसतो.

पण काकांची नजर पडद्यावरच्या एका आकड्यावर होती. भाच्याने तो मोठा करून ठेवला होता: श्रोते 11. गोष्ट ऐन रंगात असताना त्याचा 10 झाला. काका थांबले.

"कोन उठलं रे?"

आम्ही हसलो. ते नाही हसले. आकडा पुन्हा 11 होईपर्यंत त्यांनी गोष्ट पुढे नेली नाही. न्यू जर्सीच्या ताईची जोडणी तुटली होती. तिला परत यायला दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं आमच्या केंद्रावरून फक्त फटाके ऐकू येत होते.

काका 2012 मध्ये गेले.

काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं ते आज बरंचसं वाचता येतं, कारण पोलीस ऐकून ते टिपून ठेवत होते. उषा ठक्करांच्या 2021 च्या पुस्तकात ते आहे. आमच्यावर असा पहारा कोणाचा नव्हता. ताईने तिकडे स्पीकरसमोर मोबाइल धरून घेतलेली चौदा मिनिटं तेवढी आहेत. त्यात दुकानाची गोष्ट नाही, ती तिच्या तुटलेल्या वेळेच्या आधी झाली. पण ती परत आल्यानंतरचं काकांचं पहिलं वाक्य आहे: "आली का? बस. तर मी काय सांगत होतो..."