चेकसमची कुळकथा

चेकसम म्हणजे फाइलीतल्या आकड्यांवरून ठरावीक रीतीने काढलेली एक छोटी संख्या. लिहिताना ती काढून ठेवायची, वाचताना पुन्हा काढायची. दोन्ही जुळल्या नाहीत तर मधल्या काळात काहीतरी बिघडले, एवढे नक्की. ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. गुणाकार बरोबर आला का, हे नवांचा ताळा करून पाहण्याची रीत दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’त, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुमारास, सापडते. त्या ताळ्याची खोडही जुनीच आहे: ५७ च्या जागी ७५ पडले तरी ताळा जुळतो. घरच्या संगणकाला चार-सहा हार्ड डिस्क जोडून केलेल्या साठ्यातला एखादा फोटो अचानक अर्धा करडा दिसू लागला की जो तपास सुरू होतो, तो याच घराण्यातला आहे.

संगणकाच्या चुंबकीय फितीवरही ताळा आला. आयबीएमच्या १९५२ सालच्या ७२६ या फीतयंत्रात सात पट्टे असत. सहा मजकुराचे आणि सातवा पॅरिटीचा. आडव्या ओळीतल्या १ ची संख्या सम की विषम, यावर सातव्याची किंमत ठरे. एक बिट उलटला तर चूक पकडली जाई, दोन उलटले तर सुटून जाई. चूक नेमकी कुठे आहे, हे मात्र पॅरिटीला कधीच सांगता आले नाही. बेल लॅबोरेटरीजमध्ये रिचर्ड हॅमिंग यांची शनिवार-रविवारची गणिते रिलेच्या संगणकावर लागत. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढचे हाती घेई आणि सोमवारी हाती भोपळा येई. चूक झाल्याचे यंत्राला कळते, मग ती कुठे झाली हे का कळू नये, या वैतागातून त्यांनी १९५० साली चूक दुरुस्त करणारा संकेत मांडला: चार बिटांमागे तीन तपासनीस बिट. आजची ईसीसी मेमरी त्याचीच वाढवलेली आवृत्ती वापरते. ६४ बिटांमागे ८.

डिस्कची कथा वेगळ्या वाटेने गेली. निकामी झालेल्या साठवण-यंत्रातला मजकूर इतरांवरून परत काढण्याच्या पद्धतीचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना १९७८ साली मिळाले. पण ‘रेड’ हे नाव आणि त्याच्या पायऱ्या रूढ केल्या त्या बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ सालच्या निबंधाने. त्यांचा युक्तिवाद पैशाचा होता: मेनफ्रेमच्या एका महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या पुष्कळ स्वस्त डिस्क वापराव्यात. डिस्क वाढल्या की त्यांतली एखादी बंद पडण्याची शक्यताही वाढते, म्हणून जादा डिस्कवर ताळा ठेवायचा. निबंधातल्या दुसऱ्या पायरीत हॅमिंगचा संकेत होता, पण ती पायरी बाजारात रुजली नाही. कारण साधे होते. डिस्क बिघडली की ती स्वतःच तसे कळवते; चूक कुठे हे आयते कळल्यावर साधी पॅरिटी पुरते. इथेच ग्यानबाची मेख आहे.

समजा, पहिल्या डिस्कवर १०११, दुसरीवर ०११० आणि तिसरीवर त्यांची पॅरिटी ११०१ आहे. दुसरी डिस्क मेली तर पहिली आणि तिसरी यांवरून ०११० तंतोतंत परत मिळते. पण दुसरी न मरता बिनदिक्कत ०१०० असे सांगू लागली तर? ताळा तिसऱ्या स्थानी चुकतो, एवढेच कळते. दुसरी चुकली असेल, पहिलीवर १००१ हवे असेल, किंवा पॅरिटीच ११११ असायला हवी असेल. तिन्ही उत्तरे सारखीच ग्राह्य ठरतात. लिनक्सचे जुने सॉफ्टवेअर रेड ‘रिपेअर’ करताना मजकूर खरा मानते आणि पॅरिटी नव्याने लिहिते; म्हणजे खोटे असेल ते पक्के होते. लिहिताना मध्येच वीज गेली, मजकूर नवा आणि पॅरिटी जुनी राहिली, तर हीच गत होते.

असे खोटे बोलणे विरळ असले तरी काल्पनिक नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५.३ लाख डिस्क ४१ महिने पाहिल्या गेल्या आणि चेकसम न जुळल्याचे चार लाखांहून अधिक प्रसंग नोंदले गेले. कधी डिस्क ‘लिहिले’ म्हणून कळवते आणि लिहीतच नाही. कधी भलत्याच जागी लिहिते. शिवाय दोष दरवेळी डिस्कचाच नसतो. मायक्रोसॉफ्टने २००७ साली घरगुती वापरासाठी आणलेल्या विंडोज होम सर्व्हरमध्ये, एकाहून जास्त डिस्क असतील तर, काही प्रोग्रॅममधून थेट दुरुस्त केलेल्या फायली बिघडत. डिस्क धडधाकट होत्या. चूक त्यांची मोट बांधणाऱ्या सॉफ्टवेअरची होती. तिच्यावरचा उतारा जुलै २००८ मध्ये आला.

मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांत ५१२ ऐवजी ५२० बाइटचे सेक्टर करून जादा आठ बाइटांत चेकसम ठेवण्याची सोय आधीपासून होती. तिने उलटलेला बिट पकडला जाई. न झालेले लिखाण मात्र निसटे, कारण जुना मजकूर आणि शेजारचा जुना चेकसम एकमेकांशी छान जुळत. यावर तोड काढली ती सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरन्स यांनी. २००१ साली सुरू झालेली त्यांची झेडएफएस ही फाइल-व्यवस्था २००५ मध्ये खुली झाली. तिच्यात चेकसम मजकुराशेजारी नसतो. त्या मजकुराकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो, त्या ब्लॉकचा त्याच्याही वरच्यात, असे थेट मुळापर्यंत. या रचनेचा पूर्वज म्हणजे राल्फ मर्कल यांचे १९७९ चे हॅशचे, म्हणजे चेकसमच्याच जातीच्या संख्यांचे, झाड. आता कोणती डिस्क खोटी, याचा निवाडा होतो: एकेक डिस्क सोडून पाहायची, पॅरिटीवरून पर्यायी उत्तर काढायचे, जे चेकसमशी जुळेल ते खरे मानून चुकीच्या मजकुराच्या जागी लिहायचे. लिनक्सवर बीटीआरएफएस या फाइल-व्यवस्थेने २००९ पासून चेकसम आणले, पण तिची पॅरिटीची बाजू वर्षानुवर्षे कच्चीच राहिली.

महिन्याकाठी सारा साठा वाचून ताळे पाहण्याला ‘स्क्रब’ म्हणतात. झेडएफएसच्या अहवालात प्रत्येक डिस्कपुढे तीन रकाने येतात: वाचन, लेखन, चेकसम. एकाच डिस्कच्या चेकसमचा आकडा चढत असेल तर संशय ती डिस्क किंवा तिची केबल यांवर. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांतला १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडाही सोबत वाढत असेल तर आधी केबल बदलावी. ५ आणि १९७, म्हणजे बदललेले आणि अडकलेले सेक्टर, वाढत असतील तर डिस्कच. सगळ्या डिस्कवर एकदम चुका दिसल्या तर डिस्कना दोष देण्यात अर्थ नाही. मेमरी, कंट्रोलर किंवा पॉवर सप्लाय तपासावा. दुरुस्तीचा स्क्रब मेमरीची चाचणी होईपर्यंत न चालवलेला बरा. आणि फोटो करडाच आहे, पण स्क्रब मात्र निर्दोष म्हणतो, तर फाइल चेकसम निघण्यापूर्वीच बिघडलेली होती. बिघडलेल्या मजकुराचाच चेकसम निघाला आणि तो इमानेइतबारे जुळत राहिला. अशा वेळी डिस्क उलटसुलट करून काही हाती लागत नाही, कॅमेऱ्याचे कार्ड किंवा जुना बॅकअप धुंडाळावा लागतो.