मशीन आपलं, ड्रायव्हर कुणाचा?

डायसब प्रिंटरची वापरलेली रिबन उजेडाकडे धरली की गिऱ्हाईक ओळखू येतं. पिवळ्या पट्ट्यावर एक चेहरा, पुढच्या गुलाबी पट्ट्यावर तोच, निळ्यावर पुन्हा तोच. जिथला रंग कागदावर गेला तिथे रिबन फिकी पडलेली असते. मिरजेतल्या आमच्या स्टुडिओत संपलेली रिबन मी तशीच कचऱ्यात टाकत नाही, कात्रीने तुकडे करतो. त्यात लोकांची लग्नं असतात, बारशी असतात, पासपोर्टचे फोटो असतात.

डायसब म्हणजे डाय-सब्लिमेशन; या छपाईत शाई उडत नाही. हेडवर एका ओळीत तापणारे बारीक ठिपके असतात, इंचाला तीनशे. म्हणजे सहा इंच रुंदीच्या फोटोला अठराशे. ठिपका जितका तापेल तितका रंग रिबनवरून सुटतो आणि कागदाच्या लेपात मुरतो. कागद आधी पिवळ्याखालून जातो, मागे येतो, मग गुलाबी, मग निळा, आणि शेवटी वरून पारदर्शक थर. कॅननचा छोटा सेल्फी प्रिंटर ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तो कागद चार वेळा आत-बाहेर होताना पाहिलाच असेल. फोटोत निम्मं आभाळ असो की भरलेलं मंगल कार्यालय, रिबनचा एक संच जातोच. त्यामुळे खर्चाचा हिशेब पक्का बसतो आणि लग्नाच्या हॉलमध्ये जागेवर फोटो देणाऱ्याला हे मशीन परवडतं.

पण ठिपका किती तापवायचा, हे ठरवतं कोण? माझ्या धंद्याचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास मला या एका प्रश्नात दिसतो.

बाबांच्या काळी याचं उत्तर सोपं होतं. डार्करूममध्ये त्यांची एक वही असायची, हायपोच्या डागांनी पिवळी पडलेली. मेटॉल किती ग्रॅम, हायड्रोक्विनोन किती, सोडियम सल्फाइट किती, सगळं त्यांच्या अक्षरात. फिल्मसाठी डी-76, कागदासाठी डी-72. हे दोन्ही फॉर्म्युले कोडॅकचे, आणि कोडॅकनेच ते छापून जाहीर केले होते. कंपनी तयार पुड्याही विकायची. पण ज्याला घरी तराजू लावून डेव्हलपर बनवायचा आहे त्याला आडकाठी नव्हती. कोडॅकचा डबा मिळाला नाही म्हणून बाबांचं काम कधी अडलं नाही. फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याचं ज्ञान त्यांच्या वहीत होतं.

संगणकाच्या प्रिंटरमध्ये ते ज्ञान सुरुवातीला मशीनच्या पोटात होतं. 1985 साली ॲपलचा लेझररायटर आला तेव्हा त्याच्या आतला प्रोसेसर ज्या मॅकिन्टॉशला तो जोडायचा त्याच्यापेक्षा वेगवान होता. संगणकाने पोस्टस्क्रिप्ट भाषेत पानाचं वर्णन पाठवायचं, बाकी सगळं प्रिंटर पाहून घेई. असा प्रिंटर महाग पडायचा. घरोघरी जायचं तर तो स्वस्त करावा लागणार होता, म्हणून बहुतेक स्वस्त प्रिंटरांतून ही अक्कल काढून संगणकातल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, भरली गेली. हिशेबात यात काही गैर नव्हतं. पण प्रिंटर मी विकत घेतला तरी त्याची अक्कल कंपनीकडेच राहिली, आणि ती कोणत्या विंडोजवर किती वर्षं चालेल हेही कंपनीच ठरवू लागली.

ही कुलपं घालायची चाल त्याआधीच दिसू लागली होती. अमेरिकेत एमआयटीच्या एआय लॅबमध्ये 1980 च्या सुमारास झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला. तिथल्या रिचर्ड स्टॉलमननी आधीच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम सुधारून ठेवलेला होता: कागद अडकला की प्रिंटची वाट पाहत बसलेल्यांना संगणकावर निरोप जायचा आणि कुणीतरी उठून तो सोडवायचं. नव्या मशीनला तेच करायचं तर मूळ सोर्स कोड हवा होता. तो कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे होता. पण त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली, त्यामुळे नकार मिळाला. 1983 च्या सप्टेंबरात स्टॉलमननी ग्नू हा मुक्त, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांमध्ये ते या नकाराची गोष्ट नेहमी सांगतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी एक प्रिंटर आहे, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असायलाच हवं.

फोटोचं काम त्या चळवळीत नंतर आलं. गिम्प या मुक्त चित्र-संपादकाला छपाईची सोय जोडली ती मायकेल स्वीट यांनी; कप्स ही छपाई-व्यवस्थाही त्यांचीच, जी आज मॅक आणि लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली या दोन्हींवर चालते. 1999 च्या जुलैत रॉबर्ट क्रॉविट्झ या प्रोग्रॅमरने आपल्या फोटोग्राफीच्या छंदासाठी एप्सनचा सहा रंगांचा स्टायलस फोटो प्रिंटर घेतला. त्याला लिनक्सचा ड्रायव्हर नव्हता. त्यांनी स्वीट यांचा कोड घेतला, फिका निळा आणि फिका गुलाबी हे जादा दोन रंग त्याला शिकवले आणि वर्षअखेरीला तो सगळ्यांसाठी सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर ठेवला. त्याचा गिम्प-प्रिंट प्रकल्प झाला. 2003 मध्ये ॲपलने तो आपल्या मॅक ओएस टेन 10.3 मध्ये घातला. पुढे 5.0 आवृत्तीपासून तो गुटेनप्रिंट नावाने ओळखला जातो. छंदासाठी घेतलेल्या एका प्रिंटरपासून सुरू झालेलं काम आज शेकडो मॉडेल्सना पुरतं, आणि त्यासाठी कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही.

डायसबची गोष्ट मात्र वेगळी आणि जास्त किचकट. इंकजेटला डेटा ओतत गेलं तरी चालतं. छोट्या डायसब प्रिंटरांत पूर्ण फोटो साठवायला जागाच नसते. आधी पिवळा थर पाठवायचा, मग प्रिंटरला विचारायचं, तो तयार झाला की गुलाबी पाठवायचा. जुन्या सेल्फी मॉडेल्सचं उत्तर अवघं बारा बाइटांचं असतं. कागद संपला, रिबन चुकीची, थर पूर्ण, सगळं त्या बारा बाइटांत. ते वाचता आले नाहीत तर फोटो पहिल्या रंगावरच अडकतो. गुटेनप्रिंटमध्ये ही बोलणी करणारा भाग सॉलोमन पीची यांनी लिहिला. सेल्फीपासून सुरुवात करून त्यांनी पुढे कोडॅक, मित्सुबिशी, शिंको, सोनी, डीएनपी, सिटिझन, हायटी अशी आमच्या धंद्यातली बहुतेक मशीनं त्यात आणली.

हे काम कसं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण त्यातल्या चिकाटीची कल्पना बाहेरून येत नाही. कंपनीचं कागदपत्र हाती नसतं. मग विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर चालवायचा आणि यूएसबीच्या तारेतून काय जातं-येतं ते टिपून घ्यायचं. पूर्ण पिवळा फोटो छापायचा, मग पूर्ण काळा, मग मॅट फिनिश, मग एक कॉपी, मग दोन. प्रत्येक वेळी कोणता बाइट बदलला ते शोधायचं. रिबन महाग, आणि अशा चाचण्यांत ती खर्ची पडते.

सर्वांत कठीण होती मित्सुबिशीची डी70 मालिका. तापलेल्या तव्यावर दुसरी भाकरी लवकर होते, तसं या हेडचं असतं: आधीच्या ओळीची धग पुढच्या ओळीत उतरते. नवरीच्या काळ्याभोर केसांनंतर लगेच पांढरी भिंत आली तर कडेला राखाडी ओघळ दिसतो. तो टाळायला प्रत्येक ठिपक्याची उष्णता मागच्या ओळी पाहून कमी-जास्त करावी लागते. इतर बऱ्याच मशीनांत हा हिशेब मशीन स्वतः करतं; डी70 मध्ये तो संगणकाने करायचा. मॅट फिनिशचा खरबरीतपणाही संगणकाने ठिपक्या-ठिपक्याने पाठवायचा. हा हिशेब कंपनीच्या एका बंद लायब्ररीत होता, आत काय आहे ते झाकलेलं. पीची यांनी ती लायब्ररी उकलून तिच्या जागी मुक्त कोड लिहिला. बाबांच्या वहीतली डेव्हलपरची पानं आणि हा कोड यांचा दर्जा माझ्या मते एकच आहे. फरक इतकाच की पहिलं ज्ञान कंपनीने आपण होऊन छापलं आणि दुसरं हिसकून घ्यावं लागलं.

या कामातून आणखी एक गोष्ट उघडी पडली. डीएनपीचा डीएस40 आणि सिटिझनचा सीएक्स आतून एकच. सोनीचा यूपी-सीआर10एल म्हणजे डीएनपीचंच मशीन. फुजीफिल्मचा एएसके-300 आणि कोडॅकचा 305 हे मित्सुबिशीचे भाऊबंद. दुकानदार आम्हाला पाच कंपन्या दाखवायचे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मात्र दोन-तीन घराणीच दिसली. एका मशीनवर केलेली मेहनत म्हणूनच त्याच्या साऱ्या भावंडांना लागू पडली.

आमच्या स्टुडिओत हे सगळं आलं ते अडचणीमुळे. संगणक बदलला, विंडोज नवं आलं, आणि मशीन दिसेना. हेड शाबूत, रोलर शाबूत, कपाटात रिबनचे खोके. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, ते मॉडेल बंद झालं. नवीन घ्या, एक्सचेंजमध्ये बघतो." सीझन तोंडावर होता. आमच्या गल्लीतला डिप्लोमाला असलेला एक मुलगा जुना संगणक घेऊन बसला, त्यावर लिनक्स टाकलं, गुटेनप्रिंट टाकलं, तार जोडली. संगणकाने मशीनचं नाव बरोबर ओळखलं. इतकंच नव्हे, रोलवर किती फोटो शिल्लक आहेत आणि मशीनने आजवर किती छापलेत तेही पडद्यावर आलं. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो एकूण आकडा मला कधी दिसला नव्हता. पहिला फोटो आईचा छापला. चेहऱ्याचा रंग किंचित लालसर आला, तो त्या मुलाने आकडे बदलून जुळवला. ते मशीन आजही पासपोर्ट फोटो छापतं.

आता दिशा पुन्हा बदलते आहे. घरगुती प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालू लागले, कारण अक्कल परत मशीनमध्ये गेली. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने थांबवत असल्याचं जाहीर केलं. नव्या मशीनसाठी हे चांगलंच आहे. पण आमच्यासारख्यांच्या दुकानांतली जुनी डायसब मशीनं या नव्या पद्धतीने बोलत नाहीत आणि बोलणारही नाहीत. त्यांचं आयुष्य मोजक्या माणसांनी फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवर अवलंबून आहे, आणि ही माणसं फार थोडी आहेत.

म्हणून स्टुडिओवाल्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे. सेकंडहँड मशीन घ्यायच्या आधी गुटेनप्रिंटच्या यादीत त्याचं नाव आहे का पाहा. माळ्यावर पडलेलं मशीन भंगारात घालण्याआधी एकदा लिनक्सला जोडून बघा. चाललं तर चाललं म्हणून कळवा, नाही चाललं तर नेमकं कुठे अडलं ते कळवा. लिहिणाऱ्यांकडे प्रत्येक मॉडेल नसतं, तुमची एक नोंद त्यांच्या उपयोगी पडते. घरात कुणाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर त्याला या कामाकडे वळवा. आणि उरलेल्या रिबनचे दोन-चार रोल चाचणीसाठी द्यायची वेळ आली तर हात आखडता घेऊ नका.